रोजच्या दोन गोण्या

दहा हजार वस्तीच्या गावातून दिवसाला साधारण दहा लाख लिटर मैलापाणी निघतं. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नत्र धरला, तर दिवसाचा ४० किलो नत्र झाला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतो. म्हणजे ते गाव रोज दोन गोण्या युरिया ओढ्यात ओततं. सणवार नाही, सुट्टी नाही. स्फुरद लिटरला ६ मिलिग्रॅम धरा. दिवसाचा ६ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत निव्वळ स्फुरद १० किलोच्या आसपास भरतो, तेव्हा अर्ध्या गोणीच्या वरच गेलं.

मैलाशुद्धीकरण केंद्रांतल्या ऑपरेटरांचे वर्ग घेताना मी हा हिशेब पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडतो. वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांच्या घरची असतात. ‘नायट्रोजन’ म्हटलं की त्यांना दहावीचं पुस्तक आठवतं आणि ‘नत्र’ म्हटलं की गोणी. म्हणून या पुस्तकात सगळीकडे नत्र आणि स्फुरद हेच शब्द ठेवले आहेत. हिशेब संपला की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, “सर, मग हे पाणी सरळ उसालाच का नाही सोडत?” वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं, ते लोक चांगलं पाणी डोळ्यांनी ओळखतात. क्लॅरिफायरच्या कडेवरून सांडणारं पाणी काचेसारखं दिसलं, वास नसला, बीओडीचा अहवाल दहाच्या आत आला, की दिवस सार्थकी लागला. त्यांना तसंच शिकवलेलं असतं आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो. पण त्याच काचेसारख्या पाण्यात विरघळलेले नत्र-स्फुरद ना दिसतात, ना त्यांचा वास येतो. केंद्राच्या खाली दोन किलोमीटरवर बंधाऱ्याच्या फुगवट्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो तेव्हा लोक केंद्राकडे बोट दाखवतात, आणि ऑपरेटर मनापासून सांगतो, “आमचं पाणी तर एकदम स्वच्छ आहे.” दोघंही खोटं बोलत नसतात.

हे असं का होतं, हे कारखान्यातल्या ईटीपीवर काम केलेल्या माणसाला लवकर कळतं. तिथे जीवाणूंना पोसण्यासाठी टाकीत युरिया आणि डीएपी बाहेरून टाकावं लागतं, कारण त्या सांडपाण्यात खाद्य भरपूर असलं तरी नत्र-स्फुरद नसतात. प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ असतं: १०० बीओडीला ५ नत्र, १ स्फुरद. आता हेच प्रमाण गावच्या मैलापाण्याला लावा. बीओडी २००, म्हणून जीवाणूंच्या अंगाला लागणार १० नत्र आणि २ स्फुरद. आपल्याकडे आहेत ४० आणि ६. उरलेले ३० आणि ४ कोणी खायचे? टाकीत खाणारं कोणी नसतं, तेव्हा ते पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि खाणारे नदीत भेटतात. एका कुंपणापलीकडे तीच गोणी फोडून टाकीत ओततात आणि अलीकडे तीच गोणी पाण्यातून बाहेर काढायला कोट्यवधींची यंत्रं लावतात, असा हा धंदा आहे.

नदीत भेटणाऱ्या खाणाऱ्यांची भूक किती, तेही बघून घेऊ. शेवाळाच्या पेशीतल्या कार्बन, नत्र आणि स्फुरदाच्या अणूंचं प्रमाण सरासरीने १०६, १६ आणि १ असं असतं. असं काही प्रमाण असतं ही कल्पना अल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ साली समुद्राच्या पाण्यावरून मांडली, हे आकडे नंतर पक्के झाले. त्याच्यावरून हिशेब केला तर एक ग्रॅम स्फुरदावर शंभराहून अधिक ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहू शकतं, आणि ते मरून कुजताना पाण्यातला जवळपास १४० ग्रॅम प्राणवायू ओढून घेतं. आपण केंद्रात बीओडी उतरवला म्हणून पाठ थोपटून घेतली, पण स्फुरदाच्या रूपाने तोच बीओडी नदीत पुन्हा उगवायला बी ठेवून दिलं.

कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत. त्यांतलं २२६ नंबरचं तळं मध्येच चिंचोळं आहे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ साली त्या कमरेवर प्लास्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नत्र दिले, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि जोडीला स्फुरद. थोड्याच आठवड्यांत दुसरी बाजू हिरवीगार झाली आणि पहिली होती तशीच राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो या विषयात जितका उपयोगी पडला, तितके शंभर शोधनिबंध पडले नसतील. कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट निरपराध आहे असं सांगणाऱ्यांची त्याने बोलती बंद केली. गोड्या पाण्याच्या तळ्यात लगाम बहुतेक वेळा स्फुरदाच्या हाती असतो, कारण नत्र कमी पडला तर काही नील-हरित शेवाळं तो हवेतून ओढून घेतात. स्फुरदाला हवेत जागाच नाही. खाड्यांत आणि किनाऱ्याजवळच्या समुद्रात मात्र पुष्कळदा नत्राचं पारडं जड ठरतं.

आपलं तळं २२६ शोधायला कॅनडाला जावं लागत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी आणि भीमेतून शेवटी उजनीच्या जलाशयात पोचतं. उन्हाळ्यात तिथल्या फुगवट्याच्या काठावर उभं राहून ओंजळीत पाणी घ्या. हिरव्या रंगाचा दाट थर तळहातावर उरतो. हेच पाणी सोलापूर पितं.

नुसत्या हिरवेपणावर भागत नाही. अमोनिया माशांना विषारी. पाणीपुरवठ्याच्या केंद्रात अमोनियाचं पाणी आलं की तो क्लोरिन गिळून टाकतो आणि जंतू मारायला क्लोरिन उरत नाही. यमुनेत अमोनिया चढला की दिल्लीतल्या वझिराबाद आणि चंद्रावल केंद्रांचं उत्पादन कमी करावं लागतं, ही बातमी दर हिवाळ्यात येते. अमोनियाचं नायट्रेट झालं तर ते जमिनीत मुरून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट आपलं मानक चालवून घेत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते.

आता थोडा इतिहास. ज्यांना फक्त व्हॉल्व्ह कुठला फिरवायचा हे हवं आहे त्यांनी तो ओलांडून जावा, पण मी स्वतः हा भाग सगळ्यांत आवडीने लिहिला आहे.

१८७७ साली पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून मैलापाणी सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. मग अचानक अमोनिया जायला आणि नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, की काम ठप्प. क्लोरोफॉर्मने जे गुंगतं ते जिवंत असणार, इतका साधा तर्क. पुढे १८९० च्या सुमाराला विनोग्राड्स्की यांनी ते जीव वेगळे काढून दाखवले.

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा फुंकली. उजेडाने शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्या झाकल्या. पहिल्या खेपेला सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. त्यांच्या आधी पुष्कळांनी हवा फुंकून पाहिली होती, पण तळाला बसलेला गाळ ते प्रत्येक वेळी घाण म्हणून फेकून देत. या दोघांनी वरचं पाणी ओतून दिलं, गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी ओतलं. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसावर आणि मग काही तासांवर आलं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण ठेवलं नाही, तर आजचं दूध नासेल पण दही होणार नाही. ‘सक्रिय गाळ’ हे भारदस्त नाव विरजणाचंच आहे.

या गोष्टीत एक मुद्दा सहज निसटतो. मँचेस्टरच्या त्या बाटल्यांत यशाची खूण नायट्रेट ही होती. अमोनिया संपला का, हे बघून ते पाणी शुद्ध झालं म्हणत. नंतरच्या इंजिनियरांनी वीज वाचवण्यासाठी हवेच्या टाक्या इतक्या आखूड केल्या, की बीओडी तेवढा जावा आणि अमोनिया तसाच राहावा. त्या काळच्या ब्रिटिश आयोगाने १९१२ साली घालून दिलेली २० बीओडी आणि ३० तरंगते पदार्थ ही मर्यादा जगभर पोचली, आपल्याकडेही तिची सावली अजून आहे. मात्र त्या आयोगाने एक अट घातली होती: हे पाणी ज्या नदीत सोडायचं तिथे त्याच्या आठपट स्वच्छ पाणी वाहतं असावं. मर्यादा आपण उचलली, अट बोटीतच राहिली. एप्रिल-मे महिन्यात पंचगंगेत किंवा मुठेत आठपट स्वच्छ पाणी कुठून आणायचं? त्या दिवसांत कित्येक ठिकाणी नदी म्हणून जे वाहतं, ते केंद्रातून सुटलेलं किंवा केंद्राला न विचारता आलेलं मैलापाणीच असतं.

आर्डर्न आणि लॉकेट यांना हा प्रयोग सुचवणारे त्यांचे सल्लागार गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्याबरोबर हा गाळही, म्हणजे त्याचा अभ्यास, भारतात आला आणि ते गेल्यावरही टिकला. पिल्लई आणि सुब्रह्मण्यन यांनी १९४२ साली गाळातल्या एकपेशीय प्राण्यांच्या कामगिरीवर ‘नेचर’मध्ये लिहिलं. आणि १९५९ साली श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई या तिघांनी याच संस्थेतून एक छोटा निबंध छापला: सक्रिय गाळ मैलापाण्यातला स्फुरद झपाट्याने ओढून घेतो. जीवाणूंच्या पोटाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आज जगात कुठेही जैविक पद्धतीने स्फुरद काढण्याचा इतिहास लिहिला गेला, तर त्याच्या पहिल्या ओळीत हा बंगळूरचा निबंध असतो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो किती मुलांना माहीत आहे, हे मी विचारून पाहिलं आहे. उत्तर इथे लिहीत नाही.

सहा वर्षांनी अमेरिकेत लेविन आणि शपिरो यांनी वॉशिंग्टनच्या गाळावर हेच पाहिलं आणि जीवाणूंच्या या चैनीला नावही दिलं. (हेच गिल्बर्ट लेविन पुढे १९७६ च्या व्हायकिंग यानावर मंगळाच्या मातीत जीव शोधणारा प्रयोग घेऊन गेले. मैलापाण्यापासून मंगळापर्यंत पोचलेला दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही.) पण ही चैन जीवाणू केव्हा करतात आणि केव्हा करत नाहीत, हे कोणाला सांगता येईना. काही केंद्रांत स्फुरद जायचा, शेजारच्यात जायचा नाही.

ते कोडं सुटायला सुरुवात झाली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या दासपोर्ट केंद्रावर. जेम्स बर्नार्ड तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नत्र काढण्याचा प्रयोग करत होते. स्फुरद हा त्यांचा विषयच नव्हता. तरी बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्फुरद लिटरला एक मिलिग्रॅमच्या खाली गेलेला त्यांना दिसला. यंत्रणेतल्या एका कोपऱ्यात हवाही पोचत नव्हती आणि नायट्रेटही संपलेलं होतं. तिथल्या पाण्यात स्फुरद कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला होता! दुसरा कोणी असता तर त्याने नमुना चुकला म्हणून बाटली ओतून दिली असती. बर्नार्ड यांनी उलटा निष्कर्ष काढला: जो गाळ आधी स्फुरद सोडतो, तोच नंतर जास्त ओढतो, म्हणून त्याला आधी मुद्दाम सोडायला लावा. त्यांच्या पद्धतीचं बार्डेनफो हे नाव त्यांचं आडनाव, डीनायट्रिफिकेशन आणि फॉस्फरस यांच्या तुकड्यांतून जुळवलं आहे. केप टाउन विद्यापीठात गेरिट मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याचं गणित बसवलं. हे सगळं त्याच देशात का घडलं, तेही उघड आहे. पाऊस कमी, नद्या लहान, शहरांचं मैलापाणी खालच्या धरणात जाणार आणि तेच पुन्हा प्यावं लागणार. प्रिटोरियाजवळचं हार्टबीसपोर्ट धरण जलपर्णीने झाकलेलं असतं. फोटो पाहिला तर आपल्या माणसाला वाटेल उजनीकाठच्या भिगवणचा आहे.

जीवाणू असं उफराटं का वागतात, हे वर्गात समजावताना मी सावकाराची गोष्ट सांगतो. गाळातल्या काही जीवाणूंनी अंगावर स्फुरदाचे दागिने घातलेले असतात. ॲनेरोबिक टाकीत, जिथे हवा नाही आणि नायट्रेटही नाही, तिथे बाकीचे जीवाणू उपाशी हात चोळत बसतात. पण हे दागिने मोडतात आणि त्या शक्तीवर मैलापाण्यातली आंबूस, सहज पचणारी आम्लं पोटात भरून घेतात. मोडलेला स्फुरद पाण्यात येतो, म्हणून तिथे आकडा चढतो. मग गाळ हवेच्या टाकीत येतो. आता या जीवाणूंच्या कोठारात धान्य आहे आणि ते पचवायला प्राणवायूही. ते पहिले दागिने तर सोडवतातच, वर मूळच्यापेक्षा जास्त घडवून घेतात. साध्या गाळाच्या सुक्या वजनात स्फुरद दीड-दोन टक्के असतो. अशा गाळात तो पाच-सहा टक्क्यांवर जातो. नेमक्या अशा धनाढ्य अवस्थेत त्यांना पकडून टाकीबाहेर काढायचं. सगळा खेळ एवढाच आहे, आणि तो बिघडवायला थोडंसं नायट्रेट पुरतं. परतीच्या गाळाबरोबर नायट्रेट ॲनेरोबिक टाकीत शिरलं, की इतर जीवाणू त्याच्या जोरावर ती आम्लं फस्त करतात आणि दागिनेवाले उपाशी राहतात.

नत्राची तऱ्हा वेगळी. त्याला काढायचं म्हणजे हवेत उडवून द्यायचं. आपल्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे, त्यात आणखी चार किलो गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. पण तिथवर पोचायला दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर अमोनियाचं नायट्रेट करायचं. याला हवा लागते, आणि भरपूर: एक किलो अमोनिया-नत्राला साडेचार किलोहून जास्त प्राणवायू. हे काम करणारे जीवाणू सावकाश वाढतात. जुनी पुस्तकं नायट्रोबॅक्टरचं नाव सांगतात, टाक्यांत मात्र बहुधा नायट्रोस्पायराच सापडतो. गाळ घाईने काढला तर हे आधी वाहून जातात. आपल्या उबदार पाण्यात त्यांचं बरं चालतं. युरोपात थंडीत आठ-दहा अंशाच्या पाण्यात त्यांना जपणं हाच इंजिनियरचा हिवाळाभराचा घोर असतो. दुसऱ्या पायरीवर हवा बंद करायची. मग साधे जीवाणू प्राणवायूच्या जागी नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्यातला नत्र बुडबुड्यांनी सोडून देतात. त्यांना मात्र खायला बीओडी लागतो. म्हणजे पहिल्या पायरीला बीओडी संपलेला हवा आणि दुसरीला शिल्लक हवा. म्हणून ॲनॉक्सिक, म्हणजे हवा नसलेली पण नायट्रेट असलेली, टाकी पुढे ठेवून नायट्रेटचं पाणी मागून पुढे फिरवण्याची युक्ती निघाली.

ही दुसरी पायरी मी एकदा एका नगरपालिकेच्या केंद्रावर हजार मिलिलिटरच्या मोजनळ्यात पाहिली. मार्च महिना होता. तिथले ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी सकाळी टाकीतलं पाणी नळ्यात भरून ठेवलं होतं. अर्ध्या तासात गाळ छान खाली बसला, वर नितळ पाणी. काका म्हणाले, “थांबा, गंमत बघा.” आम्ही चहा घेऊन आलो. दीड तास झाला असेल. गाळाला भेगा पडल्या होत्या, त्याच्यातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे निघत होते, आणि बघता बघता अख्खी लादीच तळ सोडून वर आली. “गाळ मेला सर,” काका म्हणाले. “ठेकेदार म्हणतो ब्लोअर वाढवा.” क्लॅरिफायरवरही त्याच रंगाच्या जाड पोळ्या तरंगत होत्या.

गाळ मेला नव्हता, उलट जरा जास्तच जोमात होता. मी काचेच्या कांडीने तो ढवळला. बुडबुडे सुटले आणि गाळ पुन्हा मुकाट्याने तळाला गेला. हवेच्या टाकीत सगळ्या अमोनियाचं नायट्रेट होत होतं, आणि तळाशी हवा संपली की तोच गाळ त्या नायट्रेटचा नत्र वायू करत होता. जे काम टाकीत व्हायला हवं होतं ते क्लॅरिफायरमध्ये होत होतं, इतकंच. ब्लोअर वाढवले असते तर नायट्रेट आणखी वाढलं असतं. आम्ही टाकीच्या सुरुवातीच्या डिफ्युझरांचे व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केले, गाळ तेवढा ढवळत राहील इतपत हवा ठेवली, आणि परतीच्या पंपाचा वेग वाढवला. पोळ्या त्याच आठवड्यात ओसरल्या. काकांनी त्यानंतर मोजनळा दीड-दोन तास ठेवून बघायची सवय लावून घेतली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण हा विषय असाच पुढे सरकला आहे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या एका यीस्ट कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना आर्नोल्ड मुल्डर यांना हवा नसलेल्या टाकीत अमोनिया गायब होताना दिसला. तो जाणंच शक्य नाही असं सगळी पुस्तकं सांगत होती. एंगेलबर्ट ब्रोडा या रसायनशास्त्रज्ञाने मात्र १९७७ सालीच नुसत्या कागदावर गणित करून असे जीव असायला हवेत असं लिहून ठेवलं होतं. त्या जीवाणूंवर चालणारं पहिलं मोठं संयंत्र २००२ साली रॉटरडॅमला उभं राहिलं. बंगळूर, प्रिटोरिया, डेल्फ्ट, तिन्ही ठिकाणी आकडा चुकल्यासारखा दिसला आणि तो लिहून ठेवणारं माणूस जागेवर होतं. आपल्या केंद्रांतल्या नोंदवह्यांत मात्र रोज तेच आकडे त्याच शाईत असतात. त्यांत काही चुकल्यासारखं दिसायची सोयच नसते. ही तक्रार मी कोणा एका केंद्राबद्दल करत नाही.

आता स्फुरदाकडे परत, कारण त्याला हवेचा दरवाजा नाही. तो जाईल तर गाळातूनच जाईल. जैविक पद्धत वापरा किंवा तुरटी नाही तर फेरिक क्लोराईड टाका, शेवटी गाळ बाहेर काढून ट्रकमध्ये भरलात तरच स्फुरद गेला. हे पटायला लोकांना वेळ लागतो. मी अशी केंद्रं पाहिली आहेत जिथे कागदावर स्फुरद निघतो आणि गाळ मात्र महिनोन्‌महिने आवारात फिरत असतो. दागिनेवाल्या जीवाणूंचा गाळ थिकनरमध्ये चार दिवस तसाच ठेवला, की तिथे हवा संपते आणि ते दागिने मोडायला लागतात. मोडलेला स्फुरद वरच्या निवळीतून पुन्हा केंद्राच्या तोंडाशी येतो. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने जेवायला हजर. मग डोस वाढवा, पैसे वाढवा.

आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. पुष्कळ इमारतींना अजून सेप्टिक टँक आहेत. मैलापाणी केंद्रात येईपर्यंत त्यातलं खाद्य निम्मं आटलेलं असतं, नत्र मात्र जसाच्या तसा. मग दुसऱ्या पायरीच्या जीवाणूंना काय घालायचं? आणि पहिली पायरी पाण्यातली क्षारता खाते, एक किलो अमोनिया-नत्रामागे सात किलोच्या वर. देशावरच्या काळ्या खडकातल्या जड पाण्याला ते सोसतं. कोकणातल्या जांभ्यातल्या मऊ पाण्यात पीएच घसरून जीवाणू बसकण मारू शकतात. एकच आराखडा दोन्हीकडे चिकटवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. २०१५ साली केंद्र सरकारने मैलापाण्याच्या मर्यादांचा मसुदा काढला, त्यात नत्राला जागा होती. १३ ऑक्टोबर २०१७ ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती जागा गेलेली होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात कडक मर्यादा पुन्हा आणल्या: एकूण नत्र १० आणि स्फुरद १, पण स्फुरदाची मर्यादा पाणी तलावात किंवा सरोवरात सोडलं तर. या ‘तर’वर माझा आक्षेप आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांवर पावला-पावलाला कोल्हापुरी बंधारे आहेत. ऑक्टोबरात फळ्या घातल्या की नदी म्हणजे एकामागे एक मांडलेली तळीच. तिला नदी म्हणून स्फुरदाची सूट देणं, हे जलपर्णीला आमंत्रण देण्यासारखं आहे. अर्थात मर्यादेआधी पाणी केंद्रात तर यायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३६.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. पाणी उसाला का नाही सोडत? सोडावं, जिथे जमेल तिथे. शेतात जे नत्र-स्फुरद लागतात ते आधी वीज जाळून काढायचे आणि मग दुकानातून गोणीने आणायचे, यात शहाणपण नाही. स्फुरदाच्या बाबतीत तर मुळीच नाही. तो कारखान्यात हवेपासून बनवता येत नाही, खडकातून खणावा लागतो, आणि आपला बराचसा खडक जॉर्डन, मोरोक्कोसारख्या देशांतून येतो. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड या किमयागाराने सोनं मिळेल या आशेने पिंपंच्या पिंपं मूत्र आटवलं आणि हाती आला अंधारात चमकणारा स्फुरद. सोनं नाही मिळालं, पण माणूस तितकाही चुकला नव्हता. काही देशांत आता गाळाच्या निवळीत मॅग्नेशियम घालून स्फुरद आणि अमोनियाचे खडे पाडतात आणि खत म्हणून विकतात.

पण उसाला पाणी बारा महिने लागत नाही आणि गाव बारा महिने मैलापाणी सोडतं. जुलैत शेतकरीच म्हणेल, नको. नत्राचं पाणी गरजेपेक्षा जास्त दिलं की ऊस माजतो, लोळतो, आणि उरलेलं नायट्रेट शेजारच्याच्या विहिरीत उतरतं. जंतूंचा बंदोबस्त करायलाच हवा, आणि गावात मुलामा देण्याचे कारखाने असतील तर गाळातले जड धातू तपासल्याशिवाय तो शेताच्या बांधापर्यंतही नेऊ नये. म्हणून केंद्राला दोन्ही यायला हवं: उन्हाळ्यात नत्र राखून पाणी शेताला देणं आणि पावसाळ्यात तो काढून टाकणं. ब्लोअरचे व्हॉल्व्ह ज्याच्या हातात आहेत त्याला हे करता येतं. त्याच्या वरच्यांना ते करू द्यायचं आहे की नाही, ही वेगळी गोष्ट.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे एसबीआर आहे त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे सगळ्या पायऱ्या एकाच टाकीत घड्याळावर चालतात, त्यामुळे जागेऐवजी मिनिटं मोजायची आहेत. जुन्या पद्धतीच्या लांबट टाक्या असतील तर तिसरं आणि पाचवं. क्लॅरिफायरवर पोळ्या तरंगत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मोजनळा भरा, दोन तास थांबा, कांडीने ढवळा आणि मग सातवं प्रकरण उघडा. नगरसेवकांनी निदान दुसरं वाचावं, त्यात गणित नाही, फक्त विजेचं बिल आहे.